भाऊंची दुपारची झोप

१

संध्याकाळी घरी येताना संचिता दुसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबायची. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, ओढणी सारखी करायची आणि मग शेवटचा जिना चढायचा, हा तिचा जुना क्रम होता. डोंबिवलीतली 'सुयोग' ही इमारत इमारतींना लिफ्ट बसण्याच्या आधीची. हल्ली तिला तिथे थोडं जास्तच थांबावं लागे, कारण डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत. पिशवीचे बंद रुततात, दुसरं काय, असं म्हणून ती बोटं झटकायची.

त्या दिवशी ती अशीच बोटं झटकत उभी असताना भाऊ गुप्त्यांचं दार उघडलं. भाऊ कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून एकटेच राहत. बोलणं मऊ, पण धरलेला मुद्दा सोडायचे नाहीत. वरच्या कुंड्यांचं पाणी गॅलरीत पडतं, ही तक्रार त्यांनी सोसायटीत सलग दोन वर्षं मांडली होती.

"संचिताबाई, मी भांडायला उभा नाही हं," ते म्हणाले, "पण दुपारी तुमच्याकडे पाट ओढतात."

"पाट?"

"पाट. लाकडी. खुर्ची ओढली की किंचाळते, स्टूल ठेचकाळतं. पाट घासत जातो. आमच्याकडे पंगती उठायच्या, मला पाटाचा आवाज कळतो." त्यांनी तळहात हवेत आडवा धरून सावकाश सरकवून दाखवला. "स्वयंपाकघरातून निघतो तो आतल्या खोलीपर्यंत. काही वेळाने उलट. नेमका मी जेवून आडवा होतो तेव्हा. अँजिओप्लास्टी झाल्यापासून डॉक्टरांनी दुपारची झोप सक्तीची केली आहे, आणि तुमच्या बाईने ती बंद केली आहे."

संचिताने पिशवी पुन्हा या हातातून त्या हातात घेतली.

"उचलून ने म्हणावं तिला. वजन झेपत नसेल तर दोन हातांनी उचल. तेवढंच."

"हो, सांगते हं तिला," संचिता म्हणाली आणि वर चढून गेली.

दाराला बाहेरून कुलूप होतं, सकाळची कामवाली गंगुबाई जाताना लावून गेली होती तसंच. ते काढताना तिचा हात थोडा थांबला. दुपारी घरात कोणी बाई नसे. घरात असत फक्त आवडाबाई, तिच्या सासूबाई, ज्यांचं उजवं अंग दीड वर्षापूर्वी गेलं होतं आणि ज्यांना आधाराशिवाय कुशीवरदेखील वळता येत नसे.

२

हे भाऊंना सांगता येण्यासारखं नव्हतं. कोणालाच नव्हतं.

संचिताचा नवरा दिपेश सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. सासू आणि सून अशा दोघी राहिल्या, आणि कोणाला खरं वाटणार नाही, पण बऱ्या राहिल्या. मग एका दुपारी जेवताना आवडाबाईंच्या बोटांतून घास सुटला. त्यांनी तो उचलला, पुन्हा सुटला. "बघ गं, हात झोपलाय माझा," असं म्हणून त्या हसल्या आणि हसता हसता तोंड वाकडं झालं.

तेव्हापासून नणंद मैथिलीचं एकच म्हणणं होतं. मैथिली ठाण्याला राहायची, स्वभावाने वाईट नव्हती, आईवर तिचा जीव होता. "वहिनी, तू दिवसभर ठाण्याला कॉलेजात. आईला एकटीला एक तास जरी ठेवलंस ना, तर मी तिला खडवलीच्या आश्रमात नेणार. तिथे निदान चोवीस तास माणूस तरी आहे." आश्रमाचं नाव काढलं की आवडाबाई डाव्या हाताने गादीची कड घट्ट धरत. बोलणं जड झालं होतं, पण तेवढं बोलणं सगळ्यांना समजे.

सकाळी गंगुबाई येई. अंग पुसणं, नाश्ता, औषधं झाली की जाई. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दुसरी एक बाई असे. ती मुलीच्या बाळंतपणाला मुरबाडकडे गेली ती परत आलीच नाही. बदली बाई मिळेपर्यंत दोन दिवस कसेतरी काढू, असं संचिताने ठरवलं आणि मैथिलीला कळवलं नाही. दोन दिवसांचा महिना झाला.

पहिल्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली होती. स्वयंपाकघरातल्या दोन पाटांपैकी एक तिने आवडाबाईंच्या बुटक्या पलंगापाशी आणून मांडला. फणसाच्या लाकडाचे ते जाड पाट आवडाबाईंनी राजापूरकडच्या घरातून आणलेले. जेवण झालं की पाट लगेच उचलून भिंतीला उभा करायचा, रिकामा मांडून ठेवायचा नाही, ही त्यांची शिस्त. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि संचितानेही कधी विचारलं नव्हतं.

पाटावर बसून तिने वरणभात कालवला. दोन घास भरवले, तोच कॉलेजच्या ऑफिसातून फोन. तपासणीला माणसं आली आहेत, कपाटाच्या किल्ल्या तुमच्याकडे आहेत, असाल तशा निघा. ती उठली. ताट पाटासमोर तसंच, बाजूला पाण्याचा तांब्या. आवडाबाईंचं तोंड तिसऱ्या घासासाठी उघडलेलं होतं, ते बघून तिला रडूच आलं. चपला घालताना ती उंबऱ्यातून मागे वळली आणि रिकाम्या घराकडे बघून म्हणाली, "बसा हो कोणीतरी यांच्यापाशी. चार घास भरवा. मी येते."

माणूस असं बोलतोच. देवाला बोलतो, भिंतींना बोलतो, कुलपालाही बोलतो.

संध्याकाळी ती धावत घरी आली तेव्हा ताट रिकामं होतं. खरकटं वाळू नये म्हणून त्यात पाणी घातलेलं होतं. पाट स्वयंपाकघरात, भिंतीला उभा. आवडाबाईंचं तोंड पुसलेलं आणि त्या डाव्या कुशीवर, पाठीला उशी लावून, शांत झोपलेल्या.

गंगुबाई येऊन गेली असणार. तिच्याकडे किल्ली होती. देवासारखी धावली, असं म्हणत संचिताने डोळ्यांना पदर लावावा तशी ओढणी लावली.

दुसऱ्या दिवशी तिने ताट झाकून स्टुलावर ठेवलं आणि ती निघून गेली. संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशीही. गंगुबाईला तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर काहीतरी उत्तर मिळालं असतं.

३

भाऊंच्या तक्रारीनंतर मात्र विचारणं भाग होतं.

"गंगुबाई, दुपारी तूच येतेस ना गं आईंना भरवायला?"

गंगुबाई चादर झटकत होती, ती थांबली. "मी? अवो ताई, दुपारी मी चार घरची भांडी घासते. मला काय दोन अंगं हायत? तुम्हीच कुणीतरी ठेवली आसंल." मग आवडाबाईंकडे बघून हसत म्हणाली, "बाई चांगली दिसतीय मात्र. आज्जींची पाठ बघा कशी लोण्यासारखी झालीय. मी येते तवा क्रीम लावलेलं असतंय, केस विंचरलेलं. मला काही काम ठेवत न्हाई. तिला म्हणावं, भांडी पण घासत जा."

"सांगते," संचिता म्हणाली. हा शब्द ती आजकाल फार वेळा वापरत होती.

तिने डोकं शांत ठेवायचं ठरवलं. जुन्या इमारती आवाजाच्या बाबतीत लबाड असतात. पाइपातून आवाज उतरतो, स्लॅबमधून फिरतो. शेजारच्या जिन्यातल्या घरातला पाट भाऊंना डोक्यावर वाजल्यासारखा वाटत असेल. राहिलं ताट. डावा हात चालतो आईंचा. माणूस भुकेला असला की काय काय जमतं. आणि कूस? सरकत सरकत वळल्या असतील. क्रीम? गंगुबाई स्वतःच लावते आणि विसरते. एकेका गोष्टीला एकेक उत्तर सापडत गेलं. सगळी उत्तरं एकत्र ठेवली की मात्र ती एकमेकांना धरून बसत नव्हती.

त्या रविवारी आवडाबाईंना भरवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दुपारी कोण भरवतं हो तुम्हाला?"

आवडाबाईंनी घास गिळला. मग तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरातल्या लेकराने आपल्याच आईचं नाव विचारलं होतं.

"तूच... बोलावलंस की," त्या जड जिभेने म्हणाल्या, आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.

४

संस्थेचे कोणी जुने विश्वस्त वारले म्हणून एका गुरुवारी कॉलेज लवकर सोडलं. संचिता भर दुपारी डोंबिवलीत उतरली. रस्ते रिकामे होते, दुकानांची शटरं अर्ध्यावर होती. आपण आज काहीतरी विकत घेण्यात वेळ काढावा असं तिला फार वाटलं. तिने एक नारळ घेतला. त्यात फारसा वेळ गेला नाही.

दुसऱ्या मजल्यावर भाऊ दारातच उभे होते, बनियनवर, केस विसकटलेले.

"आत्ता, या क्षणी ओढला!" ते वर बोट दाखवत म्हणाले. "तुम्ही सांगितलंत ना तिला? मग ती काय बहिरी आहे का?"

"आज तिच्याशी बोलतेच," संचिता म्हणाली. नारळ दोन्ही हातांनी छातीशी धरून ती वर गेली.

कुलूप तिने आवाज न करता काढलं. पुढची खोली जशीच्या तशी होती; तिचा दिवाण, त्यावरची घडी घातलेली गोधडी, बंद टीव्ही. घरात गरम वरणाचा वास होता. सकाळी सातला केलेल्या वरणाचा दुपारी वास यावा, आणि तोही आत्ता फोडणी दिल्यासारखा. स्वयंपाकघराच्या भिंतीशी एकच पाट उभा होता.

आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं. कपाटाआडून पलंगाची उशाकडची बाजू दिसत होती. आवडाबाई उशांना टेकून बसत्या केलेल्या, मान खाली जमिनीकडे, चेहऱ्यावर सगळं अंग शाबूत असतानाचं जुनं हसू.

खालून, पलंगाच्या कडेपलीकडून, एक हात वर आला. बाईचा हात. कृश, सुरकुतलेला, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखा पांढरट. बोटांत वरणभाताचा घास नीट वळलेला, लहान मुलाला देतात तेवढा. तो आवडाबाईंच्या ओठांपाशी गेला, थांबला, फुंकर घातल्याचा आवाज झाला, आणि त्यांनी घास घेतला. अंगठ्याने ओठाच्या कडेचं शीत टिपलं.

मग तो हात तांब्यासाठी लांबवर गेला. तांब्या पायथ्याशी होता. हात पलंगाच्या कडेने सरकत गेला, कोपर दिसलं, कोपर पुढे गेलं, आणि जिथे आता खांदा दिसायला हवा होता, तिथे अजून हातच होता.

संचिताच्या तोंडून आवाज आला नसावा. पण घास वळणारी दुसरी बोटं ताटात थांबली असावीत, कारण भात कालवल्याचा बारीक आवाज ऐकू येईनासा झाला. सगळ्या घराने तिच्याकडे लक्ष दिलं.

जेवत्या माणसाला आणि वाढत्या हाताला अडवू नये, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की त्या क्षणीसुद्धा तेच आधी सुचलं. "सावकाश होऊ दे," ती पुटपुटली. पावलं मागे घेत बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर नारळ मांडीत घेऊन बसली.

काही वेळाने आतून पाट ओढल्याचा आवाज आला. स्वयंपाकघराकडे. खर्रर्र, सावकाश, एखाद्या दमलेल्या माणसाने ओढावा तसा.

खालून भाऊंचं डोकं जिन्याच्या कठड्यापाशी दिसलं. "अहो, तुम्ही बाहेर? आणि आत कोण आहे?"

संचिताने त्यांच्याकडे पाहिलं. "पाहुणे आहेत," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही पाट माळ्यावर टाकले. वर जुनी सूटकेस ठेवली. ताट स्टुलावर ठेवून, आवडाबाईंच्या डाव्या हाताशी चमचा देऊन ती निघाली. निघताना घराला एक शब्द बोलली नाही.

आवडाबाई सगळं बघत होत्या.

संध्याकाळी भाऊ दारातच भेटले, प्रसन्न. "आज झोप झाली बुवा! तुमच्या बाईचे आभार मानतो म्हणावं. एकदाची समजली."

वर ताट उपडं पडलेलं होतं. भात चादरीवर, गळ्यात, केसांत. तांब्या लांब घरंगळलेला. आवडाबाई सकाळी ठेवल्या होत्या तशाच उताण्या, ओल्या गादीवर, ओठ कोरडे पडलेले. रडून रडून डोळे सुजले होते, पण संचिताला बघून त्यांनी तक्रार केली नाही. डाव्या हाताने तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "खडवली... नको."

संचिताने त्यांना पुसलं, बदललं, चमच्याने पाणी पाजलं. पाठीवर माकडहाडाशी एका दिवसात लाल चट्टा उठला होता. त्यावर क्रीम लावताना तिच्या मनात आलं, की महिनाभर कोणीतरी हे रोज केलं. कोणी विचारलं नाही, कोणी थँक्यू म्हटलं नाही. उलट पाहिलं तेव्हा आपण बाहेर पळालो आणि दुसऱ्या दिवशी बसायचा पाट काढून घेतला. एखाद्या शेजारणीशी आपण असं वागलो असतो तर?

भीती गेली होती असं नाही. पण भीतीच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते जड होतं.

सकाळी तिने दोन्ही पाट माळ्यावरून काढले. एक पुसला, उलटा केला. खालच्या पट्ट्यांना जुन्या स्लिपरचं रबर कापून डिंकाच्या ट्यूबने चिकटवलं आणि दाबून ठेवलं. जमिनीवर ओढून बघितला. चिमणी उडावी तेवढाही आवाज झाला नाही. दुसऱ्याला लावायला स्लिपर उरली नाही, म्हणून तो तसाच भिंतीला टेकवला.

मग पाट पलंगापाशी मांडला, समोर ताट वाढलं, तांब्या हाताशी ठेवला. उंबऱ्यात उभी राहून तिने नीट, पाहुण्याला म्हणावं तसं म्हटलं, "चुकलं माझं. बसा. खाली म्हातारं माणूस झोपतं, तेवढं सांभाळा. मी येते."

त्या संध्याकाळी ताटात पाणी होतं. आवडाबाई कुशीवर होत्या. केसांची वेणी घातलेली होती, त्यांच्या लहानपणी घालत असाव्यात तशी, पेडाची.

संचिता पुढे ताटाच्या कडेला रोज काहीतरी जास्तीचं ठेवू लागली. नारळाची वडी, लाडवाचा तुकडा. 'तुमच्यासाठी' म्हणून. बाकी ताट चाटून पुसून रिकामं असे, ते मात्र जसंच्या तसं. बसणाऱ्या माणसाला स्वतःसाठी काही नको होतं. याचं तिला बरं वाटे, आणि कधी कधी, भाजी निवडता निवडता, अजिबात बरं वाटत नसे.

६

मैथिली न सांगता आली, एका रविवारी सकाळी. हातात आश्रमाचे कागद होते.

"खोली रिकामी झालीय वहिनी. नदी जवळ आहे, हवा छान. आणि मला सगळं कळलंय. दुपारची बाई दीड महिन्यापूर्वीच गेली. मुरबाडला फोन केला होता मी."

"दुसरी आहे," संचिता म्हणाली.

"नाव काय तिचं?"

संचिताने तिच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"फोन लाव तिला. आत्ता. लाव ना!" मैथिलीचा आवाज चढला आणि मग फुटला. "माझी आई कुलपात मरून पडेल वहिनी, आणि तुला संध्याकाळी कळेल. मला भीती वाटते गं. तुला नाही वाटत?"

"वाटते," संचिता म्हणाली. त्या घरात तिने बऱ्याच दिवसांत बोललेलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं.

आतून गादीची कड ओढल्याचा आवाज आला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. भाऊ होते, इस्त्रीचा सदरा घालून. पाटाला रबर लावल्याचं सांगायला गेली तेव्हा संचिताने नारळाच्या वड्या दिल्या होत्या, तो डबा परत करायला आले होते. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात चार पेरू. मैथिलीला ओळखून त्यांनी हात जोडले.

"काका, तुम्ही खालीच राहता," मैथिलीने डोळे पुसत त्यांना गाठलं. "खरं सांगा, दुपारी इथे कोणी असतं का?"

भाऊंनी डबा टेबलावर ठेवला.

"असतं का म्हणजे?" भाऊ म्हणाले. "अहो, तिच्यापायी माझं बीपी वाढलं! नियम चुकत नाही तिचा. आईंना भरवायला पाट ओढत आणते, भरवते, पुन्हा ओढत नेते. मी तक्रार केली यांच्याकडे. सुट्टी म्हणून नाही घेतली त्या बाईने, फक्त मध्ये एक दिवस आली नव्हती, तेव्हा मी सुखाने झोपलो. आता बिचाऱ्या संचिताबाईंनी रबर लावलंय पाटाला, म्हणून शांतता. नाहीतर मी सोसायटीत अर्जच करणार होतो."

मैथिली त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आत गेली. आईचा गाऊन सरकवून तिने पाठ पाहिली, टाचा पाहिल्या, पेडाच्या वेणीवरून हात फिरवला. कागद पर्समध्ये गेले.

"सॉरी वहिनी," ती म्हणाली. "अशी बाई मला ठाण्यात मिळाली नसती. तिला सोडू नकोस हं."

"नाही सोडणार," संचिता म्हणाली.

७

मैथिलीला रिक्षात बसवून ती परत आली, तेव्हा भाऊ दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभे होते. त्यांचे आभार कसे मानावेत ते तिला कळेना. ती नुसती हात जोडून उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"अहो, असं काय करताय," भाऊ संकोचले. "मी आपलं खरं ते सांगितलं. आणि खरं सांगायचं तर, तो आवाज बंद झाल्यापासून मलाच चुकल्यासारखं होत होतं. वर कोणीतरी कोणाला तरी भरवतंय, हे ऐकत माणूस निदान झोपतो. माझ्याकडे काय, घड्याळ."

ती हसली.

"एक राहिलं," भाऊ म्हणाले. आवाज त्यांनी उगीचच खाली आणला. "तक्रार नाही हं. रबर तुम्ही एकाच पाटाला लावलंत का?"

"हो. का?"

"दुसरा वाजतो हल्ली. आठ-दहा दिवस झाले असतील. हा आत नाही जात. पुढच्या खोलीत येतो." त्यांनी हवेत तळहात सरकवला, आणि नकाशा काढणाऱ्या माणसाच्या अचूकपणाने एका जागी थांबवला. "खिडकीकडच्या भिंतीशी. तुमचा दिवाण आहे ना तिथे? उशाकडे. आणि मग काही नाही. पहिल्या पाटाचं कसं, ताट, तांब्या, काहीतरी हालचाल असायची. हे नुसतं बसणं. मी म्हटलं, बाई टीव्ही बघत असेल."

"असेल," संचिता म्हणाली.

"दोघी आहेत का हो?"

संचिताच्या हातात पिशवी नव्हती, तरी डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. तिने ती झटकली. पुन्हा झटकली.

वर येऊन तिने दार लावलं आणि पुढच्या खोलीत वाकून पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून तिच्या दिवाणाच्या उशापर्यंत लादीवर दोन बारीक समांतर रेघा उमटलेल्या होत्या. रोज केर काढताना त्या तिला दिसल्या नव्हत्या, किंवा दिसून तिने त्यांना काहीतरी उत्तर दिलं होतं. जिथे रेघा संपत होत्या, तिथे पाटाएवढी जागा बाकी लादीपेक्षा स्वच्छ होती.

तिला एकदम दिवाणावरची स्वतःची उशी दिसली. एकच उशी. या घरात उद्या आपण पडलो तर आपल्याला घास भरवायला कोणी नाही, हा विचार तिने दिपेश गेल्यापासून कितीदा केला होता, आणि एकदाही मोठ्याने बोलली नव्हती.

"आई," तिने आतल्या खोलीच्या दारातून हाक मारली, "मी कोणाला बोलावलं नाहीये हो. माझ्यासाठी."

आवडाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या डाव्या हाताकडे. त्यांच्या डोळ्यांत दया होती, पण घाबरणं नव्हतं. त्यांनी पलंगावर हात थोपटला, ये, बस, अशा खुणेने.

संचिता बसली. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायचं नाही, उद्याच डॉक्टरांकडे जायचं, असं तिने ठरवलं. पाट मांडून बसणाऱ्याने वेळेवर सांगितलं होतं; भाऊंनी ऐकलं होतं. एवढी सोय किती जणांची होते?

मग ती उठली. पायातल्या स्लिपरा चांगल्या होत्या, तरी तिने एक काढली आणि कात्रीने तिचे तुकडे केले. दुसरा पाट मांडीवर उलटा घेतला. डिंकाची ट्यूब डाव्या हातातून सुटली. तिने उचलली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा तिने ती उजव्या हातात घेतली आणि दोन्ही पट्ट्यांना रबर नीट, कडेपर्यंत, दाबून बसवलं.

भाऊंची दुपारची झोप मोडायला नको.